बत्तीस नंबरची पावती

बर्मिंगहॅममध्ये मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथे जिन्याला टेकून एक सायकल उभी असायची. तिच्या हँडलला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर नंबर होता, दोन. सकाळी ऑफिसला पळताना तिचं पेडल माझ्या नडगीवर बसायचं आणि मी घरमालकिणीच्या नावाने मनातल्या मनात खडे फोडायचे. सायकल घरमालकिणीची नव्हती. माझ्या खोलीच्या दाराशी ठेवलेला टाइपरायटरही तिचा नव्हता. त्याच्यावर एक नंबरची चिठ्ठी होती.

घरमालकीण म्हणजे ज्युडिथ वाक्रुळकर. वय अठ्ठावन्न. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेलघाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. गावाने एवढंच म्हटलं, त्यापलीकडे कुणी कधी काही विचारलं नाही. बर्मिंगहॅममध्ये मात्र सगळ्यांना विचारायचं असायचं. सिनेगॉगमधल्या बायका म्हणत, तू ज्यू दिसत नाहीस. दुकानातले भारतीय म्हणत, नाव असं कसं? ज्युडिथमावशी दोघांनाही सांगत की घरी या, चहा पिताना सांगते. माझ्या माहितीत कुणी आलं नाही.

त्यांचे यजमान रुबेन इथल्या एका कारखान्यात फिटर होते, ते तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा इताय लंडनला. मावशी एका केअर एजन्सीत काम करत. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, थोडा बाजार करायचा आणि घरातल्या फोल्डरमध्ये काय केलं ते लिहून ठेवायचं. पण त्यांचा खरा पिंड सामानघराचा. इंग्लंडला येण्याआधी एकवीस वर्षं त्या मुंबईतल्या एका मोठ्या रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये काउंटरवर होत्या. वस्तू घेतली की पावती द्यायची आणि पावती आली की वस्तू द्यायची. एकवीस वर्षांत एक नग गहाळ झाला नाही, हे त्या मला आठवड्यातून दोनदा सांगत. मुंबईहून येताना त्यांनी कार्बन घातलेली कोरी पावतीपुस्तकं आणली होती. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "हाताला सवय गं. पेनाशिवाय चालेल, पावतीपुस्तकाशिवाय मला कसंतरीच होतं."

मी, आसावरी, मूळची पुण्याची. एका बँकेच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायचं माझं काम होतं. चुका शोधायची सवय घरीही सुटत नाही, त्यामुळे माझं कुणाशी फार जमत नसे. मावशींशी जमलं, कारण त्या माझं ऐकूनच घेत नसत.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरमध्ये मावशींना कामासाठी बेअरवुडला एक नवं घर मिळालं. मिस्टर हेन्री लँडन, वय ब्याऐंशी, निवृत्त टूलमेकर, बायको वारलेली, मूलबाळ नाही. एजन्सीच्या कागदावर लिहिलं होतं, जन्म बर्लिन, धर्म नाही. माणूस नीटनेटका. दाढी स्वतः करायचा, गोळ्या स्वतः मोजायचा. पहिल्या दिवशी मावशी घरी आल्या त्या पर्सही न ठेवता बोलायला लागल्या.

"घरात फोन नाही गं त्यांच्या," त्या म्हणाल्या. "होता, तो काढून टाकायला लावला. रेडिओ पण नाही. फळीवर रेडिओएवढी जागा स्वच्छ आहे, बाकी सगळी धूळ."

"म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येतं का," मी म्हटलं.

"आणि शॉपिंगला चार ते पाचच जायचं. तीन पन्नासला निघालं तर दुकानाबाहेर उभे राहतात. चार वाजले की आत. पार्कमध्ये बेंच रिकामा होता, मी म्हटलं बसा दोन मिनिटं. नाही बसले. बेंचच्या बाजूला उभे राहिले."

मी तेव्हा हसले होते. चार ते पाच ही तशी सोयीची वेळ आहे, शाळा सुटून गेलेल्या असतात, असंही काहीतरी म्हणाले होते. अजून ते हसू आठवलं की माझा मलाच राग येतो.

तेरा नोव्हेंबरला, सोमवारी, मावशी दारात उभ्या राहिल्या आणि मला खाली बोलावलं. टॅक्सीतून त्यांनी टाइपरायटर, सायकल, कॅमेरा आणि दुर्बीण उतरवून घेतली. मिस्टर लँडननी हे चार नग सकाळी दाराशी ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. मावशी म्हणाल्या, मला भेट घेता येत नाही, एजन्सीचा नियम आहे. ते म्हणाले, भेट नाही, फक्त घेऊन जा. तुम्ही नेलं नाहीत तर मी रस्त्यावर ठेवीन. आणि पुढे म्हणाले, मला पावती हवी.

पावती हा शब्द ऐकला आणि मावशींचं सगळं अडलेलं सुटलं. भेट नाही, तर ठेव. त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं, कार्बन सरकवला आणि चार नग तपशिलासकट लिहून दिले. पावतीवर चार रकाने होते: नग, तपशील, स्थिती, घेणाऱ्याची सही. खाली एक ओळ कोरी होती, परत घेणाऱ्याच्या सहीसाठी. मिस्टर लँडननी पावती दोन्ही हातांनी घेतली आणि एका फायलीत ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, मावशी म्हणाल्या. काउंटरवर लांबच्या गाडीच्या माणसाचं सामान सुखरूप आत गेलं की दिसतं तसं.

मावशींनी हे सगळं फोल्डरमध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. तो फोल्डर एजन्सीत कुणीही उघडून बघत नसे. ते असो.

पाच जानेवारीला लोकर गेली. दोन ओव्हरकोट, स्वेटर, हातमोजे, मफलर, लोकरीचं ब्लँकेट, नंबर पाच ते एकोणीस. बाहेर बर्फासारखी गारठलेली फरशी आणि हा माणूस सुती शर्टवर बसलेला. मावशींनी आपली रजई नेऊन दिली, ती त्यांनी घेतली, कारण ती सुती होती. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी पेपर बंद केला. मग बरेच दिवस काही नाही. आम्हाला वाटलं संपलं.

पंधरा मेला पक्षी आला.

पिवळा कॅनरी होता, पिंजऱ्यासकट, वीस नंबर. त्याचं नाव मिस्टर लँडननी सांगितलं नाही. पिंजरा हातात देताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि मावशी जिना उतरेपर्यंत वळले नाहीत. खोल्या लहान म्हणून पिंजरा माझ्या खिडकीत आला. तो पक्षी महिनाभर एकही आवाज काढत नव्हता. नुसता माझ्याकडे एका डोळ्याने बघायचा. मी ऑफिसातून आले की तो आधीच दाराकडे बघत असायचा आणि मला वाटायचं, ह्याला आपण कुणीतरी दुसरेच वाटतोय.

तेव्हापासून मला आमच्या घरात बरं वाटेनासं झालं. तिकडे बेअरवुडला एक घर रिकामं होत होतं आणि इकडे आमचं त्याच्याच वस्तूंनी भरत होतं. मावशी खुंटीवर कोट झटकून लावायच्या, टाइपरायटर पुसायच्या, सायकलच्या चाकात हवा भरायच्या. जिन्यात पाऊल टाकलं की दोन ओव्हरकोट माणसाच्या उंचीवर टांगलेले दिसायचे. मी त्यांच्याशी अंग चोरून जायचे.

एकोणीस जूनला मावशी किटली, इस्त्री, टेबललॅम्प, हीटर, व्हॅक्युम क्लीनर, टोस्टर आणि असलंच आणखी विजेचं सामान घेऊन आल्या. नंबर एकवीस ते एकतीस. माझा तोल गेला.

"किटली, मावशी? तो माणूस चहा कसा पिणार?"

"मी थर्मासमधून नेते."

"तुम्ही त्यांना विचारत का नाही हे काय चाललंय?"

"विचारलं की. म्हणाले, तारीख झाली." मावशींनी किटलीची वायर नीट गुंडाळली. "मला वाटतं, नवस असेल काहीतरी. आमच्या लोकांत नाही का, मनातली इच्छा पुरी झाली की माणूस मलिदा करतो. तसं काही सोडायचं बोलले असतील."

तारीख हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मावशींचं पावतीपुस्तक घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. चुका शोधायचं काम करणारीने आणखी काय करावं. बर्लिन टाकलं, तेरा नोव्हेंबर टाकलं, टाइपरायटर आणि सायकल टाकलं.

उत्तर पहिल्याच पानावर आलं. नाझी सरकारने ज्यूंविरुद्ध काढलेल्या हुकमांची यादी होती, वर्ष आणि तारखेसकट. तेरा नोव्हेंबर एकेचाळीस: टाइपरायटर, सायकली, कॅमेरे, दुर्बिणी जमा कराव्यात. जानेवारी बेचाळीस: लोकरी आणि फरचे कपडे. फेब्रुवारी: वर्तमानपत्रं बंद. पंधरा मे: पाळीव प्राणी आणि पक्षी ठेवता येणार नाहीत, ते कुणाला देताही येणार नाहीत, जमा करायचे आणि मारले जाणार. जून: विजेची उपकरणं. मी पावत्यांवरच्या तारखांवर बोट ठेवून खाली आले. एकही चुकलेली नव्हती. वर सरकत गेले तर रेडिओ होता, फोन होता, बाजाराला चार ते पाचची वेळ होती, बागेतले बाक होते, हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि उन्हाळ्यात नऊनंतर घराबाहेर पडायची बंदी होती. त्याहीवर तेहेतीस साल होतं, नोकऱ्या गेल्या होत्या. मग नागरिकत्व गेलं होतं. मग प्रत्येक ज्यू पुरुषाने नावात इस्रायल आणि बाईने सारा जोडायचं, असा हुकूम होता. पुढे काही नेण्यासारखं उरलं नाही, तेव्हा माणसं नेली होती. बर्लिनहून कुठली गाडी कुठे गेली, त्यांच्या तारखा होत्या. शेवटी एक ओळ होती की गाडीची नोटीस आल्यावर काही जणांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या.

मी ते पान छापून घरी आणलं. मावशींनी चष्मा लावला आणि काउंटरवर तपासतात तसं, एकेक नग पावतीशी ताडून पाहिला. सगळं वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवला.

"साठ लाख," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून दरवर्षी आम्ही प्रार्थना करतो त्यांच्यासाठी. आकडा पाठ आहे मला. किटली माहीत नव्हती." मग म्हणाल्या, "म्हणजे ते आपलेच आहेत. आणि मी कोण झाले गं त्यांच्यासाठी? दर वेळी दारात जाऊन उभी राहिले, सामान उचललं, सही केली."

वर पक्षी तेवढ्यात पहिल्यांदा ओरडला आणि आम्ही दोघी दचकलो.

मावशींनी एजन्सीला कळवलं, डॉक्टरला कळवलं. जुलैच्या शेवटी डॉक्टर येऊन गेला. मिस्टर लँडननी त्याला वार सांगितला, तारीख सांगितली, शंभरातून सात सात वजा करून दाखवले. पंतप्रधान महिन्यापूर्वीच बदलला होता, तरी नवीन नाव बरोबर सांगितलं. स्वतःच्या वस्तू देऊन टाकायला कायद्याने बंदी नाही, डॉक्टर म्हणाला, आणि माणूस पूर्ण शुद्धीत आहे. झोपेच्या गोळ्या मात्र त्याने मावशींच्या आग्रहावरून बंद केल्या. आधीच्या साठवलेल्या किती होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मावशींनी सरळ विचारायचं ठरवलं. मला बरोबर नेलं, म्हणाल्या, तुझ्यासमोर मी रडणार नाही. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. खुर्ची, टेबल, पलंग, आणि भिंतींवर वस्तूंच्या फिकट जागा. मिस्टर लँडन उभे राहिले, माझ्याशी हात मिळवला. मावशी एकदम म्हणाल्या, "मिस्टर लँडन, मी ज्यू आहे. इंडियातली."

ते शांतपणे म्हणाले, "मला माफ करा. मला माहीत असतं तर मी हे काम तुम्हाला दिलं नसतं."

मग त्यांनी फाइल काढली. त्यांचं मूळ नाव हाइन्झ लांडाउ. एकोणचाळीसच्या जुलैमध्ये पंधराव्या वर्षी त्यांना, ज्यू मुलांना वाचवायला सोडलेल्या मुलांच्या गाडीने, इंग्लंडला पाठवलं. आईबापांना फलाटावर येऊ देत नव्हते. वडील आधीच गेलेले, आई एल्सा मागे राहिली. लढाई सुरू झाल्यावर रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांची पत्रं येत, बेचाळीसच्या उन्हाळ्यात तीही थांबली. पुढचं सगळं त्यांना पन्नास वर्षांनी कळलं, बर्लिनच्या दप्तरातून. सरकारने आईची फाइल जपून ठेवली होती. टाइपरायटरची पावती, सायकलची पावती, लोकरीची. गाडीच्या आधी तिच्याकडून भरून घेतलेलं सोळा पानी मालमत्तापत्रक होतं, त्यात तिने दोन चमचेसुद्धा लिहिले होते. कॅनरीची पावती नव्हती, पण शेजारणीचा जबाब होता. आईने तो स्वतः टोपीच्या खोक्यात घालून जमा करून आणला होता.

"मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "ती एकटी होती. हे मरण्याआधी मी एकदा तिच्याबरोबर करणार आहे, तारखेनुसार."

"आणि शेवटी?" मावशींनी विचारलं.

"पाच सप्टेंबर. रिगाची गाडी." त्यांनी फायलीचं शेवटचं पान दाखवलं. गाडीत चढवलेल्यांच्या नावांची यादी होती. "प्रत्येक वस्तूची पावती आहे. तिची नाही. त्यापुढे फायलीत काही नाही."

त्यांचा हात नकळत वेस्टकोटाच्या खिशाशी गेला आणि परत आला. मावशींनी ते पाहिलं, मीही पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मी संतापून बोलत सुटले. पोलिसांना सांगा, हॉस्पिटलमध्ये ठेवा, इतायला बोलवा. मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या. सेली ओक आलं तेव्हा म्हणाल्या, "दार फोडून माणसं आत घालायची? त्यांच्या घरात? पाच तारखेला?"

पाच सप्टेंबर बुधवारी आला. मी रजा टाकली. सकाळी उठून पाहते तर मावशींनी परातभर पोहे भिजवून ठेवलेले. खोबरं, साखर, वेलची, काजू, बेदाणे, पाच फळं. मलिदा, एलियाहू पैगंबराच्या नावाने करतात तो.

"मलिदा नवस फेडताना करतात ना?" मी म्हटलं. "अजून काही झालं कुठे?"

"पोहे भिजलेत," मावशी म्हणाल्या. "आता एलियाहूला मागे फिरता येणार नाही."

दहाला दहा मिनिटं असताना आम्ही बेअरवुडला पोचलो. दार उघडंच होतं. मिस्टर लँडन पॅसेजमध्ये उभे होते. अंगात पातळ रेनकोट, बाजूला एक सूटकेस. कोटाच्या बटणाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. बत्तीस.

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले. "पावती लिहा, म्हणजे तुमचं काम झालं. मग तुम्ही गेलात तरी चालेल."

मावशींनी पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. त्या एकदम सरळ झाल्या आणि त्यांचा आवाज बदलला. कोरडा, वरच्या पट्टीतला, मान वर न करणारा आवाज. वर्षभर त्यांच्या घरात राहून मी तो कधी ऐकला नव्हता.

"नग स्वीकारण्यापूर्वी खिसे रिकामे करा. औषधं, ज्वालाग्राही पदार्थ, नाशवंत माल ठेवून घेतला जात नाही."

मिस्टर लँडन हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि ते मला पंधरा वर्षांच्या मुलासारखे दिसले.

"खिसे," मावशी म्हणाल्या.

त्यांनी वेस्टकोटातून तपकिरी बाटली काढली आणि मावशींच्या पसरलेल्या हातावर ठेवली. मावशींनी ती न बघता मागे माझ्याकडे दिली. मी आत जाऊन गोळ्या संडासात ओतल्या आणि दोनदा पाणी सोडलं. बाहेर आले तेव्हा मावशी लिहीत होत्या. नग एक. सही केली, पावती फाडून त्यांना दिली.

"मी सही केलेला नग मी नेते," त्या म्हणाल्या. "चला."

कुठे, असं मिस्टर लँडननी विचारलं नाही. सूटकेस मला उचलू दिली नाही. अकरा नंबरच्या बसमध्ये ते आमच्या मागच्या सीटवर ताठ बसले, बटणाला चिठ्ठी तशीच. समोरच्या बाईने ती वाचली आणि तोंड फिरवलं. हार्बोर्न गेलं, सेली ओक गेलं. मी वळून पाहिलं तेव्हा ते स्टॉपची नावं ओठांतल्या ओठांत वाचत होते. कुठेही थांबलो तरी हा माणूस मुकाट्याने उतरेल, हे मला कळलं. मावशी पुढे बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "तो आवाज माझा नव्हता गं." मी त्यांचा हात धरला, तो गार होता.

किंग्ज हीथला, आमच्या स्टॉपवर, उतरलो. मावशींनी घराचं दार उघडलं आणि बाजूला झाल्या.

त्यांनी सगळं नंबरवार लावलं होतं. एक टाइपरायटर, दोन सायकल, तीन कॅमेरा, चार दुर्बीण. पॅसेजभर ओव्हरकोट, स्वेटर, हातमोजे. पुढच्या खोलीत किटली गरम, लॅम्प लावलेला, हीटर चालू. मिस्टर लँडन एकेका वस्तूपाशी थांबत, चिठ्ठी वाचत पुढे सरकत होते. एकोणीसपाशी आले तेव्हा आतून पक्ष्याचा आवाज आला. ते जागीच थांबले.

"नाही," ते म्हणाले.

मी पिंजरा घेऊन आले. पक्षी दांडीवर सरकत सरकत त्यांच्या बाजूला गेला. त्यांनी गजातून बोट घातलं आणि पक्ष्याने ते चोचीने धरलं.

"हा जिवंत कसा?"

"ठेव होती," मावशी म्हणाल्या. आवाज पुन्हा त्यांचा झाला होता. "ठेव जपायची असते."

ते खाली बसले. खुर्ची होती तिथे नव्हे, जिन्याच्या पायरीवर, पिंजरा मांडीवर घेऊन. आणि रडले. मीही रडले. मावशी मात्र रडल्या नाहीत, त्या मलिद्याची परात घेऊन आल्या, एलियाहूचं गाणं एकटीने गुणगुणत त्यांनी फळांवर एकेक आशीर्वाद म्हटला. शेवटच्या आशीर्वादाला मिस्टर लँडन आमेन म्हणाले. साठ वर्षांत म्हटलं नव्हतं, असं नंतर सांगितलं. पोहे त्यांनी दोनदा घेतले.

संध्याकाळी मावशींनी पावतीपुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी सगळं परत न्यायचं तर खाली सह्या हव्यात. मिस्टर लँडननी एक ते एकतीस, सगळ्यांपुढे सही केली. बत्तीसपाशी पेन थांबलं.

"ही बदलून द्याल?" त्यांनी विचारलं. "माझा मी घरी जाऊ शकतो. हिच्यावर दुसरं नाव हवं."

मावशींनी जुनी पावती रद्द केली आणि नवी घेतली. नंबर बत्तीसच ठेवला. नग, एक. तपशील, एल्सा लांडाउ, वय सेहेचाळीस, बर्लिन. मग स्थितीचा रकाना आला. सामानघरात तिथे कुलूप तुटलेलं, कोपरा फाटलेला, असलं लिहितात. मावशींनी पेन टेकवलं, उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि मग ठसठशीत मराठीत लिहिलं, जिवंत. खाली सही केली. मिस्टर लँडननी विचारलं, काय लिहिलं. मावशींनी सांगितलं. त्यांनी तो शब्द बोटाने पुन्हा गिरवला आणि पावती घडी न घालता फायलीत ठेवली. नऊ वाजून गेले होते. ते अंधारातून बसने घरी गेले, अंगात लोकरीचा ओव्हरकोट होता.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये ते झोपेत वारले, आपल्या मरणाने. रेडिओ त्यांनी नवा घेतला होता, पार्कमध्ये बाकावर बसायला लागले होते. फाइल त्यांनी एका संग्रहालयाला देऊन ठेवली. बर्लिनच्या टंकलिखित कागदांच्या शेवटी देवनागरीतली एक पावती आहे, आणि तिथल्या बाईंनी फोन करून विचारलं की हा कागद चुकून आलाय का. मावशी म्हणाल्या, नाही, तो तिथलाच आहे.

त्यांच्यामागे कॅनरी मावशींकडे आला. मी पुढे बेसिंगस्टोकला बदलून गेले. निघायच्या दिवशी त्यांनी पावतीपुस्तकाची स्थळप्रत मला दाखवली. बत्तीस नंबर, परत घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी.

"एकवीस वर्षांत एक नग गहाळ नाही झाला," त्या म्हणाल्या. "हाही नाही म्हणायचा. कुणी न्यायला आलं नाही, एवढंच."